माणसे सांभाळण्याची परदेशी पदवी

माझी पुतणी २०२५ च्या दिवाळीच्या तोंडावर इंग्लंडहून परत आली. सांगलीच्या घरी आठवडाभर माणसांची रीघ होती. येणाऱ्या प्रत्येकाने चहा घेतला, तिने आणलेल्या चॉकलेटच्या डब्यात हात घातला आणि एकच प्रश्न विचारला, "मग, परत का आलीस?" तीन वर्षे परदेशात राहून आलेल्या मुलीला "काय शिकून आलीस?" असे विचारावे, हे एकालाही सुचले नाही. तिच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या धाकट्या भावाने, एक उत्तर तयार ठेवले होते. "तिकडचे व्हिसाचे नियम बदलले." उत्तर खरे होते. पण ते देताना तो माझ्याकडे पाहायचे टाळत होता, आणि त्याला कारण होते.

२०२२ च्या उन्हाळ्यात तो कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे आला होता. माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. सांगलीतला एक फ्लॅट आणि पेन्शन एवढीच त्याची मालमत्ता. मुलीला लेस्टरच्या एका विद्यापीठात मानव संसाधन व्यवस्थापनाच्या एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला होता. "दादा, तू आयुष्य बँकेत काढलंस. तू हो म्हणालास तर सही करतो," तो म्हणाला. मी चष्मा लावला आणि अडतीस वर्षे जे करत आलो तेच केले. मार्जिन किती, तारण काय, फ्लॅटचे मूल्यांकन केव्हाचे, जामीनदार कोण हे सगळे तपासले आणि हो म्हणालो. हा विषय नेमका काय आहे, तो तिकडे शिकून तिकडेच कोणाला विकता येतो का, हा प्रश्न मी विचारला नाही. खुर्चीत असतानाही विचारत नसे. आमच्या अर्जाच्या नमुन्यात 'अभ्यासक्रमाचे नाव' अशी एक ओळ असते आणि 'तारणाचा तपशील' याला दीड पान.

हिशेब असा होता. फी सोळा हजार पौंड. शिवाय लंडनबाहेर शिकणाऱ्या विद्यार्थ्याने त्या वर्षी दरमहा १,०२३ पौंडांप्रमाणे नऊ महिन्यांचा खर्च आपल्यापाशी आहे, असे दाखवावे लागे. पौंड तेव्हा नव्वद रुपयांच्या आसपास होता. विमानभाडे, व्हिसा, आरोग्याचा अधिभार सारे धरून चोवीस लाख. परदेशी शिक्षणासाठी पंधरा टक्के मार्जिन पालकाने घालायचे, म्हणजे कर्ज वीस लाख. व्याज साडेदहा टक्के धरले, अभ्यासक्रम आणि वर एक वर्ष हप्ता नाही असे गृहीत धरले, तर दोन वर्षांचे सरळ व्याजच चार लाख वीस हजार होते. ते मुद्दलात मिळवून दहा वर्षांत फेडायचे, तर महिन्याचा हप्ता साडेबत्तीस हजारांच्या वर जातो. मला हे तोंडपाठ होते. तरी मी भावाला जो हप्ता सांगितला तो पौंडांत रूपांतर करून सांगितला. साडेतीनशे पौंड म्हटले की तो लहान वाटतो. हा माझा पहिला गुन्हा.

परदेशी जाणाऱ्या मुलांचे पैसे मी काउंटरच्या आतून पुष्कळ पाहिले आहेत. ब्रिटनचा नियम आहे की दाखवायची रक्कम सलग अठ्ठावीस दिवस खात्यात असली पाहिजे. ज्यांचे कर्ज मंजूर झालेले नसते, त्यांच्या खात्यात एखाद्या मामाचे, एखाद्या आडत दुकानदाराचे पैसे येतात, अठ्ठावीस दिवस पाहुण्यासारखे राहतात आणि एकोणतिसाव्या दिवशी निघून जातात. आम्ही बॅलन्स सर्टिफिकेट देत असू. ते खोटे नसे. ज्या दिवशी दिले त्या दिवशी पैसे तिथे होते. मुलगा मात्र तिकडे जाऊन पोहोचला की पहिल्या आठवड्यापासून काम शोधत असे, कारण ते पैसे त्याचे नव्हतेच.

एजंटाबद्दल फार लिहीत नाही. पुण्यातल्या त्या चकचकीत कार्यालयात मी भावाबरोबर गेलो होतो. "आम्ही विद्यार्थ्याकडून एक रुपयाही घेत नाही," असे तिथल्या बाईंनी अभिमानाने सांगितले. जो आपल्याकडून पैसे घेत नाही तो दुसऱ्या कोणाकडून तरी घेतो, आणि ज्याच्याकडून घेतो त्याचे काम करतो, एवढे बँकेतल्या माणसाला कळायला हवे होते. ते पैसे विद्यापीठ देते, पहिल्या वर्षाच्या फीच्या टक्केवारीने.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. लोखंडाचा बोल्ट सांगलीत जसा फिरतो तसाच शेफिल्डमध्ये फिरतो. संगणकाची आज्ञावली तर देशच ओळखत नाही. मानव संसाधन व्यवस्थापन मात्र असे नाही. माणसाला कामावर घ्यायचे कसे, त्याची रजा कशी मोजायची, त्याच्यावर आरोप ठेवायचा तर त्याला नोटीस किती दिवसांची द्यायची, त्याला काढायचे कसे, ही त्या त्या भूमीच्या कायद्याची आणि रीतिरिवाजाची विद्या आहे. पुस्तकात नेतृत्व, प्रेरणा, संघटनेची संस्कृती अशी प्रकरणे असतात. पण ज्याच्यासाठी कंपनी पगार देते ते काम त्या प्रकरणांच्या बाहेर असते. ब्रिटनमध्ये हे काम १९९६ चा रोजगार हक्क कायदा, २०१० चा समानता कायदा, 'अकास' या तडजोड संस्थेची आचारसंहिता आणि रोजगार न्यायाधिकरणे यांच्या चौकटीत चालते. लेस्टरच्या एखाद्या मालकाने आपल्या इंग्रज कामगाराचे हक्क त्याला समजावून सांगायला सांगलीहून आलेल्या चोवीस वर्षांच्या मुलीला नेमावे, आणि तिच्या व्हिसासाठी वर स्वतः पैसे भरावेत, अशी अपेक्षा आम्ही सगळे बाळगून होतो.

तिला नोकरी मिळत नव्हती असे नाही. एका मध्यम आकाराच्या कंपनीने तिला सहायकाची जागा देऊ केली होती. पगार वर्षाला पंचवीस हजार पौंड. पण कुशल कामगार व्हिसासाठी लागणारी किमान पगाराची पातळी एप्रिल २०२४ मध्ये २६,२०० वरून एकदम ३८,७०० पौंडांवर गेली. नव्याने शिकून निघालेल्यांसाठी सवलतीची पातळी होती, तीही ३०,९६०. जुलै २०२५ मध्ये हे आकडे पुन्हा वाढून ४१,७०० आणि ३३,४०० झाले. पर्सोनेलच्या पहिल्या पायरीवर हा पगार लेस्टरमध्ये तिला कोणी देईना. मग उरते ती पदवीनंतरची दोन वर्षांची मुभा. तीही १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना अठरा महिन्यांची होणार आहे. अमेरिकेची कथा वेगळी नाही. तिथे विज्ञान-तंत्रज्ञानाच्या शिक्क्याशिवाय शिकलेल्याला एकच वर्ष काम करता येते, आणि हा विषय बहुतेक विद्यापीठांत त्या शिक्क्याबाहेर असतो.

आमचा एजंट म्हणायचा, हे अचानक झाले. अचानक काही नव्हते. २०१० साली मी एका शाखेत असताना एका मुलाचे असेच कर्ज मंजूर केले होते. तेव्हाही शिक्षणानंतर दोन वर्षे काम करायची सोय होती आणि माझ्या शिफारशीत मी ती ठळकपणे नमूद केली होती. एप्रिल २०१२ मध्ये ती बंद झाली. पुढे त्या मुलाचे वडील दर महिन्याच्या पाच तारखेला शाखेत येऊन हप्ता भरत, आणि माझ्या टेबलासमोरून जाताना नमस्कार करत. तो नमस्कार मला नको वाटे. २०२१ मध्ये सोय पुन्हा सुरू झाली, पुन्हा वर्तमानपत्रांत जाहिराती आल्या आणि मी तो नमस्कार विसरलो. दहा-पंधरा वर्षांचे कर्ज आपण अशा नियमावर उभे करतो, ज्याचे आयुष्य दुसऱ्या देशातल्या एका निवडणुकीपुरते असते. शेतीकर्जाला आम्ही पाऊस विचारायचो. इथे पाऊसही विचारला नाही.

हे वाचून कोणी म्हणेल, म्हातारा मुलांना परदेशी जाऊ नका सांगतो आहे. तसे नाही. कारण पुतणी तिथे जे शिकली ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. फक्त ते ज्या जागी शिकली ती जागा माहितीपत्रकात नव्हती.

सत्र चालू असताना परदेशी विद्यार्थ्याला आठवड्याला वीस तासच काम करता येते. ती शहराबाहेरच्या एका गोदामात जायची, एका एजन्सीमार्फत. हातात स्कॅनर. कोणत्या रॅकवरून काय उचलायचे ते तो सांगतो आणि तासाला किती नग उचलले तेही तोच मोजतो. आकडा खाली गेला की मुकादम येत नाही, फक्त पडद्याचा रंग बदलतो. बरोबर पोलिश बायका, गुजराती मावश्या, नायजेरियाचा एक पीएच.डी. करणारा. दिवसा वर्गात 'कर्मचाऱ्याची बांधिलकी' यावर निबंध आणि रात्री स्कॅनर. एकदा वर्गात ब्रिटनच्या एजन्सी कामगारांच्या नियमांवर व्याख्यान झाले. एकाच जागी बारा आठवडे काम झाले की एजन्सीच्या कामगाराला कायम कामगाराइतकाच मूळ पगार आणि तेवढीच रजा मिळाली पाहिजे. तिने वहीच्या मागच्या पानावर आपले आठवडे मोजले. दहा झाले होते. अकराव्या आठवड्याच्या शेवटी एजन्सीचा निरोप आला, पुढच्या आठवड्यापासून तुझी गरज नाही. महिन्याभराने दुसऱ्या गोदामात बोलावले, आठवडा पहिला.

"काका, मला त्या विषयात सगळ्यात जास्त मार्क मिळाले," हे ती मला फोनवर सांगताना हसत होती. आमच्याकडे दोनशे चाळीस दिवस भरायच्या आत माणसाला 'ब्रेक' देतात, ते मी तिला सांगितले. ती गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे हे आपल्याकडूनच शिकलेत की काय?"

सुटीत ती यॉर्कला जाऊन आली. या विद्येचे मूळ त्या गावात आहे, हे तिला कळले होते. राउन्ट्री या क्वेकर कुटुंबाच्या चॉकलेटच्या कारखान्यात १८९६ साली मेरी वुड नावाच्या बाईंना कामगार मुलींची विचारपूस करण्यासाठी नेमले. आजारी पडलेल्या मुलीच्या घरी जाणे, जेवणाची नीट सोय पाहणे, असले काम. १९१३ मध्ये अशा कल्याण-सेवकांची संघटना यॉर्कमध्येच स्थापन झाली. तिचेच पुढचे रूप म्हणजे आज जिची मान्यता मिळवायला विद्यापीठे धडपडतात ती ब्रिटनची 'सीआयपीडी' ही संस्था. आपल्याकडेही वाट थोडीफार तशीच आहे. मुंबईत १९३४ च्या कायद्याने गिरणी कामगारांची गाऱ्हाणी मांडण्यासाठी सरकारी लेबर ऑफिसर आला. १९३६ मध्ये मुंबईत समाजकार्याची टाटांची संस्था निघाली. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टच्या ४९ व्या कलमाने पाचशे कामगारांच्या कारखान्याला वेल्फेअर ऑफिसर सक्तीचा झाला. माणसाला 'संसाधन' म्हणायची पद्धत नंतरची. या शब्दाने १९८५ मध्ये आपल्या शिक्षण मंत्रालयाचे नावच गिळले होते. ते २०२० साली परत मिळाले.

आमच्या बँकेत ही पाटी बदलली तेव्हा मी पर्सोनेल खात्यातच होतो. एके सोमवारी दारावर 'मानव संसाधन विभाग' आले. टेबले तीच, मस्टर तेच. त्याच सुमारास, २०००-०१ मध्ये, सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. पंधरा वर्षे सेवा किंवा चाळीस वर्षे वय झालेल्यांना ती खुली होती. झालेल्या प्रत्येक वर्षामागे साठ दिवसांचा पगार किंवा उरलेल्या सेवेचा पगार, यातले जे कमी असेल ते. देशभरातून सुमारे एक लाख माणसे गेली. परिपत्रकात शब्द होता 'अतिरिक्त मनुष्यबळ'. एक हेडकॅशिअर माझ्यासमोर फॉर्म भरत होते. सेवा सव्वीस वर्षे, एका रुपयाचा फरक कधी नाही. 'कारण' या रकान्यापाशी त्यांचा हात थांबला. "इथं काय लिहू, साहेब?" त्यांनी विचारले. मी म्हणालो, "वैयक्तिक लिहा." सगळेच तसे लिहीत होते. त्या खात्यात काम करणाऱ्या आम्हा सात जणांपैकी कोणाकडेही व्यवस्थापनाची पदवी नव्हती. असती तर मी दुसरे काही सांगितले असते का, हे मला अजून ठरवता येत नाही. पण 'वैयक्तिक लिहा' म्हणताना जे मला कळत होते ते या पुतणीला अकराव्या आठवड्यात, पलीकडच्या बाजूने कळले आहे. या विषयात हा फरक मोठा आहे.

आणखी एक प्रसंग तिने सांगितला. समानता कायद्यात नऊ संरक्षित वैशिष्ट्ये आहेत. वय, अपंगत्व, वंश, धर्म, लिंग अशी. वर्गात तिने विचारले, यात जात का नाही? प्राध्यापिका प्रामाणिक होत्या. त्यांनी सांगितले की कायद्यात जात घालायची चर्चा बरीच वर्षे चालली आणि २०१८ मध्ये सरकारने ते न करण्याचे ठरवले. मग म्हणाल्या, तुमच्याकडे कसे करतात ते तूच वर्गाला सांग. आणि आमच्या मुलीला बिंदुनामावली म्हणजे काय हे ठाऊक नव्हते! सरकारी बँकेच्या पर्सोनेल खात्यातला कारकून ज्या रजिस्टरावाचून एक भरती करू शकत नाही, ते तिने कधी पाहिले नव्हते. त्या रात्री मला फोन आला. मी तासभर रोस्टर समजावले. परदेशी पोहोचून भारतातली भरती समजून घ्यायची, तीही निवृत्त काकाकडून. या एका फोनने मला पटले की ही विद्या शिकायला जायचे असेल तर आधी इथे तीन-चार वर्षे कुठल्यातरी कारखान्यात, कार्यालयात, मस्टरपाशी बसून जावे. म्हणजे तिकडच्या प्रत्येक उत्तरासाठी आपल्यापाशी एक प्रश्न असेल. पदवीनंतर थेट गेलेल्या मुलांना प्रश्न आणि उत्तर दोन्ही परक्याकडून घ्यावी लागतात. आणि घर गहाण टाकून जाऊ नये, हे मी आता स्पष्टपणे सांगतो. ज्या नोकऱ्यांत पहिला पगार इंजिनिअरच्या निम्मा असतो, त्यांच्यासाठी इंजिनिअरच्या हिशेबाने कर्ज काढू नये. बँक देते म्हणून घेऊ नये. बँक तारणाला देते, विषयाला देत नाही.

परत आल्यावर तिने पुण्यात सात ठिकाणी मुलाखती दिल्या. सहा ठिकाणी तोच प्रश्न, परत का आलात. एका साहेबांनी तर "तिकडे जमलं नाही वाटतं" असे म्हणून फाइल मिटली. बारा आठवड्यांची हकीकत ऐकायला कोणाला वेळ नव्हता. कंत्राटी कामगारांनी भरलेल्या आपल्या कारखान्यांना जर कोणी हवे असेल तर एजन्सीचा पट्टा गळ्यात घालून रात्रपाळी केलेले माणूस हवे. पण बायोडाटात ते लिहू नको, असा सल्ला तिला कॉलेजच्या मैत्रिणींनी दिला होता. तिने लिहिले होते.

२१ नोव्हेंबर २०२५ ला देशात चारही कामगार संहिता लागू झाल्या. एकोणतीस जुने कायदे त्यांत विलीन झाले. चाकणच्या एका कारखान्यात सातवी मुलाखत झाली तेव्हा तिथल्या वीस वर्षे अनुभवी मॅनेजरांच्या टेबलावर संहितेच्या कोऱ्या प्रती पडलेल्या होत्या आणि तेच तिला विचारत होते, यातले काय वाचलेत? तिने विमानातून उतरल्यावर दुसरे काही केलेच नव्हते. नोकरी मिळाली. पगार अडतीस हजार. गोदामातल्या कमाईतून तिने व्याज चुकते ठेवले होते, त्यामुळे हप्ता सत्तावीस हजारांवर थांबला आहे. त्यातले दहा तिचे वडील पेन्शनीतून भरतात. फ्लॅटचे कागद अजून बँकेत आहेत.

त्या कारखान्यात साडेतीनशे कामगार. नव्या संहितेत वेल्फेअर ऑफिसरची अट पाचशेवरून अडीचशेवर आली आहे, म्हणजे आता त्यांना तो नेमावा लागणार. मॅनेजरांनी तिचे नाव सुचवले. मग कोणीतरी नियम काढले. नवे तपशील ठरेपर्यंत जुने नियम चालतात, आणि त्यांत राज्याने मान्य केलेल्या संस्थेची पदवी किंवा पदविका हवी, शिवाय बहुसंख्य कामगारांची भाषा यायला हवी. लेस्टरची एम.एस्सी. त्या यादीत नाही. भाषेचीही गंमतच आहे. चाकणला बहुसंख्य कामगारांची भाषा आता कोणती, हे ठरवायलाच एक समिती लागेल.

तिने पुण्यात लेबर लॉ आणि लेबर वेल्फेअरच्या पदविकेला नाव घालायचे ठरवले आहे. संध्याकाळचे वर्ग. फी ऐकून माझा भाऊ खूप वेळ काही बोलला नाही; विमानात जास्तीच्या सामानाला तिने याहून अधिक भरले होते. गेल्या रविवारी ती साताऱ्याला आली आणि माझ्या कपाटातून जुन्या फॅक्टरी ॲक्टची पिवळी पडलेली प्रत घेऊन गेली. ४९ व्या कलमाच्या समासात माझ्या हस्ताक्षरात पेन्सिलीने काहीतरी लिहिलेले होते. "काका, हे काय लिहिलंय तुम्ही?" तिने विचारले. मला वाचता आले नाही.